नाकाच्या अस्तराची कुळकथा

नाकात बसवलेले सिलिकॉन सरकले किंवा कातडी फोडून बाहेर आले की दोष त्या वस्तूला दिला जातो आणि तिच्याहून सरस वस्तूचा शोध सुरू होतो. नाक बांधण्याच्या विद्येचा इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. आत काय घातले यापेक्षा ते कशाखाली घातले, यावर पुढचे सारे ठरते. आधुनिक जगाला ही विद्या कळली ती पुण्याकडून. कावसजी हा इंग्रजी फौजेचा गाडीवान टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक दिले. ती हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. मेणाचे नाक करून, ते सपाट करून त्याच्या मापाने कातडी घेतली जाई आणि नाकपुड्या मिटू नयेत म्हणून त्यांत मऊ कापड ठेवले जाई. मला त्या कापडाचे महत्त्व फार वाटते. वळवलेल्या कातडीला आतून अस्तर नव्हते, आणि उघडी राहिलेली आतली बाजू भरताना आक्रसते. कारागिराला ते ठाऊक होते.

युरोपात पुढे लक्ष गेले ते भरावाकडे. १९०० च्या सुमारास व्हिएन्नाचे सर्जन गेर्सूनी यांनी टोचायला सुरुवात केलेले पॅराफिन पसरले, त्याच्या गाठी झाल्या. बर्लिनच्या जोसेफने हस्तिदंत वापरले. दुसऱ्या महायुद्धानंतर सिलिकॉन आले. गुळगुळीत सिलिकॉनभोवती शरीर पिशवी तयार करते, पण त्याला स्वतःत सामावून घेत नाही; म्हणून ते सरकते. सच्छिद्र पॉलिथिलीनमध्ये पेशी शिरतात, ते जागचे हलत नाही, पण जंतुसंसर्ग झाला तर ओढून काढणे जिकिरीचे होते.

अस्तराचा प्रश्न सर्वांत उघडा पडला तो कुष्ठरोगात. बाबा आमटे यांनी ज्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोड्याला, आनंदवन उभे केले तो जिल्हा आणि १९८२ मध्ये त्यातून वेगळा झालेला गडचिरोली, या दोन्ही जिल्ह्यांत हा आजार अजून संपलेला नाही. त्याच्या जंतूला शरीरातला थंड भाग मानवतो, त्यामुळे नाकाची आतली त्वचा, कूर्चा आणि वरच्या जबड्याचा पुढचा काटा झिजतो आणि नाक बसते. बाहेरची कातडी बहुधा शाबूत असते. आतली मात्र आखडलेली असते. सर्जन हॅरोल्ड गिलीज यांनी १९२३ मध्ये उपदंशाने बसलेल्या नाकांबाबत हेच मांडले: आधी वरच्या ओठाच्या आतून आखडलेले अस्तर सोडवा, तिथे कातडीचा नवा थर द्या, आणि आधार त्यानंतर. त्यांचे शिष्य डॉ. नोशीर अंतिया यांनी हा मार्ग महाराष्ट्रातल्या कुष्ठरुग्णांसाठी वापरला. कापड अपुरे असताना तंबूचा खांब उंच केला तर ते फाटणारच. सिलिकॉनऐवजी हाड घातले तरी ताण तोच असतो.

यावर रास्त आक्षेप आहे. पूर्व आशियात सिलिकॉनची नाके सर्रास केली जातात आणि अनेकांना ती वर्षानुवर्षे चालतात. खरे आहे, पण तिथे सहसा अस्तर शाबूत असते आणि भराव केवळ उंची देतो. दुसरा आक्षेप परक्या वस्तूऐवजी घातल्या जाणाऱ्या रुग्णाच्या स्वतःच्या बरगडीच्या कूर्चेवर: ती वाकते, छातीवर व्रण राहतो. वाकण्याचे कारण गिब्सन आणि डेव्हिस यांनी १९५८ मध्ये दाखवले. तुकडा दोन्ही बाजूंनी समतोल कोरला तर वाक कमी होतो, नाहीसा होतोच असे नाही. तरीही ती जिवंत ऊती आहे, आणि जंतूंचा थर परक्या वस्तूवर जसा घट्ट बसतो तसा तिच्यावर बसत नाही. तो थर एकदा बसला की प्रतिजैविके क्वचितच पुरतात: वस्तू काढायची, जागा धुवायची. जागा स्वच्छ असेल तर त्याच वेळी स्वतःची कूर्चा घालता येते. पू किंवा पातळ झालेली कातडी असेल तर ती मऊ पडेपर्यंत काही महिने थांबावे लागते.

गडचिरोलीत या निवडीला अंतराचीही बाजू आहे. परक्या भरावाची तक्रार वर्षांनीही उद्भवू शकते, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. लाली दिसल्यावर चार दिवसांत दवाखाना गाठणे ज्याला शक्य नाही, त्याच्या नाकात वस्तू घालण्यापूर्वी सर्जनने तपासायची पहिली गोष्ट आतली कातडी, आणि विचारायचा पहिला प्रश्न त्याच्या गावाचा.