अठराव्या शतकातील वास्तुचित्रे : रोमपासून वेरूळपर्यंत

कॅमेरा येण्यापूर्वी लांबची जुनी वास्तू घरबसल्या पाहायची, तर छापील चित्र हाच मार्ग होता. अठराव्या शतकात अशी चित्रे तांब्याच्या पत्र्यावरून छापत. पत्र्याला मेणाचा लेप द्यायचा, त्यावर सुईने रेघा ओढायच्या आणि पत्रा तेजाबात ठेवायचा. रेघ ओढलेल्या जागी तेजाब तांबे खाते. त्या खाचांत शाई भरून वर ओला कागद दाबला की चित्र उमटते. हे एचिंग. राळेची पूड वापरून सावलीच्या छटा आणल्या की त्याला अ‍ॅक्वाटिंट म्हणतात.

या कामात मोठे नाव इटलीच्या पिरानेसी (१७२०–१७७८) यांचे. त्यांच्या रोमच्या दृश्यमालेत १३५ चित्रे आहेत. पँथिऑन हे प्राचीन मंदिर त्यांनी समोरच्या चौकासह, कारंजे आणि माणसांसह काढले.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळचे उदाहरण वेरूळचे. तिथेही चौक आहे, पण डोंगर वरून खाली कोरून काढलेला. सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद अशा त्या चौकात आठव्या शतकातले कैलास लेणे उभे आहे.

काळ सवाई माधवराव पेशव्यांचा. आम्हा सिल्वासावासीयांना तो वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. १७७९ च्या तहानुसार १७८३ साली नगर हवेली पोर्तुगीजांकडे गेली, ती याच पेशव्यांच्या कारकिर्दीत. त्यानंतर काही वर्षांनी पुण्यात इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स तिथे शिकवत. नाना फडणवीसांचे परिचित चित्र त्यांचेच.

गंगाराम तांबट हे या वर्तुळातले मराठी चित्रकार. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्यांनी १७९० मध्येच काढला होता, म्हणजे वेल्स भारतात येण्यापूर्वी. वेरूळची चित्रेही त्यांनी मॅलेटसाठी काढली. मॅलेट यांनी वेरूळवरचा आपला लेख कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीकडे पाठवला, त्यात चित्रकार म्हणून गंगारामचे नाव दिले आहे. मॅलेटना एवढे श्रेय द्यायलाच हवे.

वेल्स १७९५ साली वारले. त्यांच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियल यांनी १८०३ मध्ये लंडनहून वेरूळची २४ अ‍ॅक्वाटिंट चित्रे प्रसिद्ध केली. पत्रे अर्थातच तांब्याचे. शीर्षकपृष्ठावर वेल्स आणि डॅनियल आहेत, गंगाराम नाहीत. खाते कोणाच्या नावावर आणि कष्ट कोणाचे, हा फरक बँकेत जन्म काढलेल्या आम्हा मंडळींच्या लगेच लक्षात येतो. वेल्स कसलेले चित्रकार होते, यात शंका नाही. पण वेरूळच्या चित्रांची गोष्ट त्यांच्यापासून सुरू होत नाही, आणि ती चित्रे दाखवताना आजही बहुधा दोनच नावे घेतली जातात.

गंगाराम तांबट यांची मूळ रेखाटने अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला संग्रहालयात जपलेली आहेत. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ती विनामूल्य पाहता येतात. तिथे शोधताना केवळ वेल्स न लिहिता गंगाराम हे नाव लिहावे, गेंडाही सापडेल.