प्रथिनभेद आणि रोग यांचा जैवमाहितीशास्त्रीय अभ्यास

प्रथिनभेद म्हणजे एखाद्या प्रथिनातील अमिनो आम्लांच्या क्रमात व्यक्तिपरत्वे आढळणारा फरक. यांपैकी कोणता फरक रोगास कारणीभूत ठरतो आणि कोणता निरुपद्रवी असतो, याचा संगणकाच्या साहाय्याने घेतलेला शोध ही जैवमाहितीशास्त्राची एक महत्त्वाची शाखा होय. महाराष्ट्रात या विषयावर उल्लेखनीय काम पनवेल तालुक्यातील खारघर येथे, टाटा स्मारक केंद्राच्या 'अ‍ॅक्ट्रेक' या कर्करोग संशोधन संस्थेत झाले आहे.

पार्श्वभूमी

प्रथिन ही वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची साखळी असते व तिचा क्रम जनुकात लिहिलेला असतो. जनुकातील एक अक्षर बदलले तर साखळीतील एक अमिनो आम्ल बदलू शकते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आल्याने सिकलसेलचे हिमोग्लोबिन तयार होते, हे व्हर्नन इन्ग्रॅम यांच्या १९५६ पासूनच्या संशोधनातून स्पष्ट झाले. नंदुरबार व गडचिरोली जिल्ह्यांतील आदिवासी समाजांना हा आजार चांगलाच परिचित आहे. मात्र एक बदल, एक रोग असा सरळ हिशेब क्वचितच जुळतो. पूर्णपणे निरोगी माणसाच्या प्रथिनांतही असे हजारो बदल असतात.

भाषेतील उदाहरण घेता येईल. 'पाणी'चे 'वाणी' झाले की अर्थच बदलतो. 'पाणी'चे 'पानी' झाले तर अर्थ तोच राहतो. पनवेल परिसरातील आगरी बोलीत 'पानी' हेच रूप रूढ आहे. परंतु ज्याने केवळ पुस्तकी मराठी वाचली आहे, तो या रूपाला चूक म्हणून लाल रेघ मारील. या क्षेत्रातील मोठी अडचण नेमकी हीच आहे.

पद्धती

पहिली कसोटी उत्क्रांतीची. माणूस, उंदीर, कोंबडी, मासा अशा अनेक प्राण्यांतील एकच प्रथिन शेजारी मांडून पाहतात. कोट्यवधी वर्षांत जी जागा बदलली नाही, तेथील बदल संशयास्पद मानला जातो. २००१ साली प्रसिद्ध झालेली 'सिफ्ट' ही आज्ञावली याच तत्त्वावर चालते.

दुसरी कसोटी प्रथिनाच्या त्रिमितीय रचनेची. स्तनाच्या व अंडाशयाच्या आनुवंशिक कर्करोगाशी संबंधित 'बीआरसीए१' या प्रथिनात १८६३ अमिनो आम्ले असतात. तुटलेल्या डीएनएची दुरुस्ती करण्यात त्याचा वाटा असतो. त्याच्या शेवटच्या भागात एक खाच असून तीत सहकारी प्रथिने येऊन बसतात. १७७५व्या जागी पाण्यापासून दूर राहणाऱ्या मिथिओनिनऐवजी धनभारित आर्जिनिन आले की ती खाच बिघडते आणि दुरुस्तीचे काम अडते. अ‍ॅक्ट्रेकमध्ये अशोक वर्मा यांच्या प्रयोगशाळेने बीआरसीए१च्या अशा भेदांचा रचनात्मक अभ्यास केला आहे.

२०२३ साली आलेल्या 'अल्फामिसेन्स' या कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित प्रणालीने मानवी प्रथिनांतील सुमारे ७ कोटी १० लाख संभाव्य एकेरी बदलांना गुण दिले आहेत. हे गुण म्हणजे अंदाज होत, निदान नव्हे.

खारघरमधील काम

अ‍ॅक्ट्रेकचे मूळ १९५२ साली परळ येथे स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात आहे. वसंत रामजी खानोलकर हे त्याचे पहिले संचालक. स्तनाचा कर्करोग व आनुवंशिकता यांच्या संबंधाकडे लक्ष वेधणाऱ्या आरंभीच्या संशोधकांपैकी एक, कमल रणदिवे, याच केंद्रात कार्यरत होत्या. २००२ साली संस्था खारघरला आली.

कर्करोगाच्या गाठीतील कोणते बदल केवळ गाठीतच निर्माण झाले आणि कोणते जन्मजात आहेत, हे वेगळे करावे लागते. त्यासाठी रुग्णाच्या निरोगी ऊतीशी, तसेच लोकसंख्येतील ज्ञात भेदांच्या 'डीबीएसएनपी'सारख्या सार्वजनिक संग्रहांशी तुलना करतात. परंतु या संग्रहांत भारतीयांचे प्रतिनिधित्व अपुरे होते. परिणामी भारतीयांतील साधे जन्मजात भेदही गाठीतील नवे बदल म्हणून गणले जात. 'पानी'ला लाल रेघ बसत होती.

यावर उपाय म्हणून अमित दत्त यांच्या गटाने २०१६ साली 'टीएमसी-एसएनपीडीबी' हा खुला संग्रह प्रसिद्ध केला. ६२ भारतीय कर्करुग्णांच्या निरोगी नमुन्यांमधून १,१४,३०९ जन्मजात भेद त्यात नोंदवले गेले. डीबीएसएनपीची चाळणी लावून झाल्यावरही या संग्रहामुळे जिभेच्या कर्करोगात ४२, पित्ताशयाच्या ३३ आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगात २८ टक्के खोटे निष्कर्ष वगळता आले. अवघ्या ६२ व्यक्तींच्या माहितीने एवढा फरक पडावा, यावरून आधीची उणीव किती मोठी होती हे लक्षात येते.

तरीही हे नमुने कर्करुग्णांचेच असल्याने यादीत नोंद आहे म्हणून एखादा भेद निर्दोष ठरत नाही. त्यात आनुवंशिक धोक्याचे भेदही असू शकतात. पुढे जीनोमइंडिया प्रकल्पाने सुमारे दहा हजार भारतीयांची जनुकीय माहिती संशोधकांना उपलब्ध करून दिली. तिची घोषणा जानेवारी २०२५ मध्ये झाली.

रुग्णाच्या दृष्टीने

२०१५ सालच्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनुसार आनुवंशिक भेदांचे पाच वर्ग केले जातात: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी. जगभर हेच वर्गीकरण बहुतांशी वापरले जाते. ज्या समाजाची माहिती संग्रहात कमी, त्यातील लोकांच्या वाट्याला 'अर्थ अनिश्चित' हा शेरा अधिक येतो. आई किंवा मावशीला स्तनाचा कर्करोग झालेल्या तरुणीच्या हाती असा अहवाल पडला की घरात घबराट होणे स्वाभाविक आहे. मात्र केवळ या शेऱ्यावरून स्तन किंवा अंडाशय काढण्याचा निर्णय घेऊ नये, असे तज्ज्ञ सांगतात; कुटुंबाचा इतिहास पाहून जनुकीय समुपदेशकाचा सल्ला घ्यावा लागतो. असे शेरे कायमचे नसतात. नवी माहिती जमली की प्रयोगशाळा त्यांचे पुन्हा वर्गीकरण करतात आणि त्यांतील बहुसंख्य भेद पुढे निरुपद्रवी गटात जातात. त्यामुळे जुना अहवाल जपून ठेवून काही वर्षांनी तो पुन्हा तपासून घेणे उपयुक्त ठरते.