नैराश्य वारंवार येत असेल तर: बरे वाटू लागल्यानंतरची काळजी

झोप लागू लागली, दोन घास जाऊ लागले, कामात लक्ष लागू लागले की रुग्ण विचारतात, "डॉक्टर, आता गोळी बंद करू का?" नैराश्य एकदा येऊन गेलेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांना ते पुन्हा येते आणि दर वेळी ही शक्यता वाढत जाते. म्हणून तुम्हाला ते दोन-तीनदा आले असेल, तर बरे वाटणे हा उपचारांचा शेवट नसून पुढचा टप्पा असतो.

औषध किती काळ घ्यायचे?

पहिल्या वेळी पूर्ण बरे वाटल्यावरही साधारण ६ ते ९ महिने गोळ्या चालू ठेवतात. आजार वारंवार येत असेल तर बहुधा किमान २ वर्षे. ज्या डोसने बरे वाटले, सहसा तोच पुढे ठेवतात. या गोळ्यांची दारू-तंबाखूसारखी चटक लागत नाही. मात्र त्या एकदम बंद केल्या तर चक्कर, मळमळ, चिडचिड, अंगातून करंट गेल्यासारखे वाटणे असे त्रास होऊ शकतात. त्यामुळे डोस हळूहळूच कमी करावा लागतो. वजन वाढले किंवा लैंगिक इच्छा कमी झाली म्हणून गोळी नकोशी वाटत असेल, तर संकोच न करता सांगा. डोस किंवा औषध बदलता येते.

तुमच्या पूर्वसूचना कोणत्या?

मागच्या वेळी सर्वांत आधी काय बदलले ते आठवा. पहाटे तीनला जाग येणे, फोन न उचलणे, अंघोळीचा कंटाळा, छोट्या चुकीचीही टोचणी लागणे. अशी तीन-चार लक्षणे कागदावर लिहा आणि घरातल्या एका विश्वासू माणसाला दाखवा. एखादा दिवस उदास गेला म्हणजे आजार परतला असे नाही. पण ही लक्षणे आठवडाभर टिकली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा.

रोजचे काय?

- उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, सुट्टीच्या दिवशीही.
- आठवड्यातले ५ दिवस अर्धा तास भरभर चाला.
- दारू टाळा. ती झोप आणि मन दोन्ही बिघडवते.
- समुपदेशन चालू ठेवा. विचार आणि वागणूक बदलण्याचे तंत्र शिकल्याने आजार परतण्याची शक्यता कमी होते.
- थकवा हटत नसेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि ब१२ तपासून घ्या.

घरच्यांसाठी

"मन घट्ट कर" म्हणू नका. रुग्ण जरा रागावला की "गोळी घेतलीस का?" हेही नको, कारण बऱ्या माणसालाही राग येतो. आधी काय झाले ते विचारा.

केव्हा थांबू नये?

झोप कमी होऊनही उत्साह फार वाढला, बोलणे-खर्च आवरेनासे झाले, तर लगेच डॉक्टरांना कळवा. अशा वेळी उपचार बदलावे लागू शकतात. जगणे नकोसे वाटत असेल तर एकटे राहू नका. घरच्यांनी गोळ्या आणि कीटकनाशके हाताशी ठेवू नयेत, रुग्णाला लगेच रुग्णालयात न्यावे. टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक २४ तास चालू असतो.