नऊ लाख तारे आणि एक राष्ट्रगीत

मराठीत 'गुरखा' हा शब्द रात्री काठी आपटत, शिटी फुंकत फिरणाऱ्या पहारेकऱ्याला इतका घट्ट चिकटला की त्यामागे एक भाषा आहे, तिला स्वतःचे काव्य आणि गाणे आहे, हे सहसा आमच्या मनातही येत नाही. नेपाळीतील 'आधुनिक गीत' हे तर आमच्या भावगीताचे सख्खे चुलत भावंड. कवीची रचना, तिला स्वतंत्र चाल, आणि घराघरांत पोचवायला रेडिओ व ध्वनिमुद्रिका. या गीताचे दोन पाळणे होते, काठमांडू आणि दार्जिलिंग. अंबर गुरुंग दुसऱ्यातले.

त्यांचा जन्म 1938 सालचा, दार्जिलिंगचा. संगीताचे रीतसर शिक्षण नाही; जे कानी पडले ते शिकले. मिशनरी शाळांच्या त्या गावात प्रार्थनागीते आणि पाश्चात्य वाद्ये जशी कानी पडत, तशीच पहाडी लोकगीतेही. पुढे त्यांनी तेथेच संगीताची शाळा काढली. अरुणा लामा, गोपाल योंजन, कर्म योंजन ही नावे त्यांच्या तालमीतली. नारायण गोपालांइतकी लोकप्रियता गायक म्हणून त्यांना लाभली नाही. त्यांचा आवाज खर्जातला, काहीसा उदास. तो प्रथम ऐकताना ओढून घेत नाही, मागाहून सोडत मात्र नाही.

हाच आवाज एका गाण्याने इतिहासात गेला. कवी अगमसिंह गिरी यांच्या 'नौलाख तारा उदाए'ला अंबरांनी चाल दिली आणि ते स्वतः गायिले. नऊ लाख हा आकडा भारतातील नेपाळीभाषकांचा, असे श्रोत्यांनी मानले. इतरांच्या लढाया जिंकून देणारा आणि तरीही परकाच राहिलेला समाज त्या गीतात आपले दुःख बोलतो. अंबर तेव्हा पश्चिम बंगाल सरकारच्या दार्जिलिंग येथील लोकरंजन विभागाचे संगीतप्रमुख होते. सरकारी नोकराने असे गाणे गाणे वरिष्ठांना रुचले नाही. 1965 च्या सुमारास त्यांनी नोकरी सोडली. गाणे मात्र लोकांनी सोडले नाही. भारतातील नेपाळ्यांचे ते जणू अलिखित राष्ट्रगीत झाले. (त्यांच्या भाषेला आठव्या अनुसूचीत जागा मिळायला 1992 साल उजाडले, कोकणीचा आणि मणिपुरीचा प्रवेश त्याच घटनादुरुस्तीने झाला.)

1969 मध्ये राजे महेंद्र यांच्या निमंत्रणावरून ते काठमांडूच्या राजकीय प्रज्ञा प्रतिष्ठानात संगीतदिग्दर्शक म्हणून गेले. निवडून आलेले सरकार 1960 मध्ये बरखास्त करून पक्षांवर बंदी घालणारे राजे ते हेच. ज्या कलावंताला लोकशाही देशात आपले गाणे गाता येईना, त्याला आसरा दिला एका निरंकुश सिंहासनाने. ही विसंगती गिळायला अवघड आहे, परंतु ती सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. तेथे त्यांनी गीतिनाट्ये आणि कवींच्या रचना संगीतबद्ध केल्या, नवे गायक घडवले. स्वतः गाणे हळूहळू मागे पडले. आमच्या मते ही त्या स्थैर्याची किंमत होती.

2006 च्या जनआंदोलनानंतर राजाची स्तुती गाणारे जुने राष्ट्रगीत ठेवणे अशक्य झाले. आलेल्या 1,272 गीतांतून व्याकुल माइला या टोपणनावाने लिहिणाऱ्या प्रदीपकुमार राई यांचे 'सयौं थुँगा फूलका' निवडले गेले. त्याला चाल दिली अंबर गुरुंग यांनी. 3 ऑगस्ट 2007 रोजी ते राष्ट्रगीत म्हणून घोषित झाले. लष्करी बँडचा खणखणाट त्यात नाही. लोकगीतासारखी हलकी, कोणालाही गुणगुणता येईल अशी ती चाल आहे. राजाने बोलावून आणलेल्या माणसाने राजाविना राष्ट्रगीत बांधले, आणि पुढच्याच वर्षी, मे 2008 मध्ये, राजेशाही गेली.

त्या घोषणेला दोन महिनेही झाले नव्हते. दार्जिलिंगचा प्रशांत तमांग 'इंडियन आयडॉल' ठरला. एका रेडिओ निवेदकाने, आता आमच्या दुकानांवर पहारा कोण देणार, अशा अर्थाची टवाळी केली आणि सिलिगुडीत दंगल उसळली. ऑक्टोबरात गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन झाला आणि वेगळ्या राज्याची जुनी मागणी पुन्हा पेटली. अंबर तेव्हा 69 वर्षांचे होते. 2010 मध्ये ते नेपाळच्या संगीत तथा नाट्य प्रज्ञा प्रतिष्ठानाचे पहिले कुलपती झाले. 7 जून 2016 रोजी काठमांडूत त्यांचे निधन झाले.