आज्ञापत्रातील कारागिरी

तांत्रिक लेखन म्हटले म्हणजे यंत्राबरोबर येणारी माहितीपुस्तिका डोळ्यांपुढे येते, आणि हा प्रकार आपण साहेबाकडून उचलला असे आपण समजून चालतो. आम्हांस ही समजूत खरी वाटत नाही. काम कसे करावे, कोणी करावे आणि तसेच का करावे, हे करणाऱ्यास नेमके कळेल असे लिहिणे, हा त्या लेखनाचा गाभा होय. त्याचा एक अस्सल नमुना मराठीत तीनशे वर्षांपासून आहे.

शिवछत्रपतींच्या हाताखाली तयार झालेल्या रामचंद्रपंत अमात्यांनी, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या आज्ञेने, इ. स. १७१५-१६ च्या सुमारास ‘आज्ञापत्र’ सिद्ध केले. राजनीतीचा ग्रंथ म्हणून त्याची थोरवी सर्वमान्यच आहे. परंतु त्यातील दुर्गांविषयीचे प्रकरण वाचताना प्रत्यक्ष बांधकामावर उभा असलेला जाणता मनुष्यच आपल्याशी बोलत आहे असे वाटते. गड बांधण्याआधी पाणी पाहावे. नसेल तर खडक फोडून टाकी करावी. एका झऱ्यावर भिस्त ठेवू नये, कारण लढाईत तोफांच्या दणक्याने झरे आटतात. दरवाजा समोरच्या माऱ्यात येऊ देऊ नये. तो बुरुजाच्या आड घ्यावा. दारूखाना घरांपासून दूर ठेवावा आणि दारूला वेळोवेळी ऊन द्यावे. आरमारासाठी लाकूड तोडावयाचे, तर रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये. ती झाडे वाढण्यास किती काळ लागतो, हेही अमात्य समजावून सांगतात.

येथे प्रत्येक आज्ञेच्या पाठीशी कारण उभे आहे, हे श्रोत्यांनी ध्यानात घ्यावे. नुसता हुकूम हुकूम देणाऱ्याबरोबर संपतो. कारण कळलेला हवालदार मात्र, कागदात न लिहिलेला प्रसंग आला तरी, योग्य तेच करू शकतो. अमात्यांनी लेखणी धरली तेव्हा राज्य दुभंगले होते आणि शिवकालाचे जाणते एकेक करून निघून गेले होते. त्यांचे ज्ञान त्यांच्याबरोबरच बुडावयाचे, ते या कागदाने तारले.

आपल्या गावात आज काय चालते? जमिनीखालचा कोणता नळ कोठे वळतो, हे एखाद्या वृद्ध मुकादमालाच ठाऊक असते. तो निवृत्त झाला की रस्ता चार ठिकाणी खणावा लागतो. त्याला निरोपाचा हार घालण्यापूर्वी कोणी त्याच्याजवळ वही घेऊन बसले, तर अमात्यांचा वारसा आपण चालविला असे आम्ही म्हणू.