"हे बाहेरून आणा" : एका चिठ्ठीचा इतिहास

सरकारी दवाखान्यात केसपेपर काढला, डॉक्टरांनी तपासलं आणि शेवटी हातात चिठ्ठी आली: "हे बाहेरून आणा." हा अनुभव जव्हार-मोखाड्यात कुणाला नवा नाही. पण ही चिठ्ठी येते कुठून? जरा मागे जाऊन बघू.

१९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. औषधी ग्लिसरीनच्या जागी कारखान्यात वापरायचं, विषारी ग्लिसरीन पोचलं होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदी आणि तपासणीतला गोंधळ उघडा पाडला. आरोग्यमंत्री भाई सावंतांना राजीनामा द्यावा लागला. धडा साधा होता: तपासणीशिवाय केलेली खरेदी जिवावर बेतते.

तामिळनाडूने १९९४ मध्ये औषधांसाठी वेगळं महामंडळ काढलं. सगळ्या राज्याची खरेदी एकदम, म्हणून दर कमी. माल आधी प्रयोगशाळेत तपासायचा, मगच वाटायचा. जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं. आणि प्रत्येक दवाखान्याला चक्क पासबुक! वर्षाला अमुक रकमेची औषधं तुमच्या हक्काची. लागतील तशी उचला.

आपल्याकडे २०१७ मध्ये खरेदी हाफकिन महामंडळाकडे गेली. हेतू तोच, एकत्र घेऊन पैसा वाचवायचा. पण निविदा रेंगाळल्या, तुटवड्याची ओरड झाली. मग दवाखान्यांनी अडीअडचणीला स्थानिक खरेदी करायची, म्हणजे थोडा माल आणि चढा दर. २०२३ मध्ये कायदा करून खरेदीसाठी नवं प्राधिकरण आणलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाल्याची बातमी आली. औषधं कमी नव्हती, असं सरकार म्हणालं; पण प्रश्न राज्यभर गाजला.

आता मुद्दा. मुंबईत गोळीमागे चार पैसे वाचले आणि ती गोळी मोखाड्यात वेळेवर आलीच नाही, तर बचत झाली कुणाची? तो खर्च कमी होत नाही, फक्त सरकारच्या वहीतून मजुराच्या खिशात सरकतो. वर नाशिकला जायचं गाडीभाडं वेगळं, बुडालेली मजुरी वेगळी.

म्हणून मागणी दोनच. दवाखान्याच्या दारात आजच्या औषधसाठ्याचा फलक लावा. आणि "बाहेरून आणा" चिठ्ठ्यांची नोंद ठेवून ती दर महिन्याला रुग्ण कल्याण समितीपुढे मांडा. याला निविदा लागत नाही.

तुमच्याकडे अशा चिठ्ठ्या असतील तर फेकू नका, जपून ठेवा. हिशेब मागताना कामाला येतील.