हाडं नसतील तर दगड वाचा

मध्ययुगीन दफनांवरून माणसाची श्रीमंती, दर्जा आणि रोजचं जगणं कसं ओळखतात? युरोपात कबर उघडून हाडं तपासता येतात. आपल्याकडे बहुतेकांचं दहन व्हायचं. संन्यासी, लिंगायत, मुसलमान यांची दफनं आहेत, पण त्यातल्या कित्येक जागा आजही श्रद्धेच्या आहेत. तिथे खणणार कसं? मग आपल्याला दगडाकडे वळावं लागतं.

लोणी देवकरजवळच पळसदेव आहे. उजनीचं पाणी उतरलं की तिथलं पळसनाथाचं जुनं मंदिर उघडं पडतं. त्या परिसरात वीरगळ आणि सतीशिळा आहेत.

वीरगळ खालून वर वाचायचा. तळाला वीर पडलेला, वर लढाई, कधी शेजारी गाई, म्हणजे गोधनासाठी झालेली झुंज. त्यावर अप्सरा त्याला नेतात, मग तो शिवलिंगाची पूजा करतो. माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ते असेपर्यंत कीर्ती राहील. सतीशिळेवर बहुधा बांगड्या भरलेला हात असतो. त्या बाईची ओळख तेवढीच.

आता दर्जाचा प्रश्न. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला नौकायुद्धाचे भव्य वीरगळ आहेत. तेवढं कोरीवकाम करून घ्यायला पैसा आणि सत्ता लागते. गावातला ओबडधोबड वीरगळ मात्र गाई राखताना पडलेल्या साध्या माणसाचाही असू शकतो. म्हणजे मान मिळायला श्रीमंतीच लागायची असं नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर लेख नसतो, म्हणून नाव आणि साल सहसा कळत नाही.

इथेच सावध राहा. दगड म्हणजे मागे राहिलेल्यांनी केलेला दावा. मेलेला माणूस काय खायचा, आजारी होता का, हे तो सांगत नाही. ते हाडं सांगतात. पुणे जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. ती वस्ती मध्ययुगाच्या कितीतरी आधीची, ताम्रपाषाणयुगातली. तिथे पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांच्या रांजणात एक पुरुष बसवून पुरलेला सापडला. बहुतेक मुलं मात्र दोन मडकी तोंडाला तोंड लावून पुरलेली. इथे घर, धान्यकोठार आणि दफन एकत्र ठेवून दर्जा वाचता येतो. दातांवरून आहार आणि लहानपणीची उपासमारही कळते.

तेव्हा प्रबंधात 'वीरगळावरून समाजजीवन' असं लिहिण्याआधी विचारा: कोणाचं जीवन? ज्यांच्यासाठी कोणी दगडच उभा केला नाही, त्यांचं काय? आणि मोजमाप घेताना दगड मूळ जागी आहे का, हेही नोंदवा. धरणात गाव हललं की दगडही हलतात. शेंदूर लावून ते नव्या देवळात बसले, की जुना संदर्भ तुटतो.